न वापरलेल्या ॲट्रिब्यूटवर इंडेक्स: डिरेक्टरी सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून परत परत येतात. शब्द बदलतात, तक्रार तीच असते. कालपरवापर्यंत झटकन उत्तर देणारा एलडॅप सर्व्हर (माणसं, ग्रुप यांच्या नोंदी ठेवणारा आणि शोधून देणारा) एखादं नवं ॲप्लिकेशन जोडल्यापासून धापा टाकतोय, आणि लॉग बोट दाखवतोय अशा ॲट्रिब्यूटकडे (नोंदीतल्या रकान्याकडे) जो आपल्याकडे कुणी भरतच नाही.

ॲट्रिब्यूट आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कॉन्फिगरेशनमध्ये ती स्कीमात आहेत तशीच, रोमनमध्ये लिहायची.

१. "न वापरलेला ॲट्रिब्यूट" म्हणजे नेमका कोणता?

जो सर्व्हरच्या स्कीमात (कोणते ॲट्रिब्यूट चालतात याच्या व्याख्येत) आहे, पण तुमच्या एकाही नोंदीत ज्याची किंमत भरलेली नाही, तो. स्कीमाच्या फाइली लोड करताना शेकडो ॲट्रिब्यूट आत येतात आणि त्यातले वीस-पंचवीसच खरे वापरात राहतात. उदाहरणार्थ, तुमचे सगळे ग्रुप "ग्रुपऑफनेम्स" क्लासचे (नोंदीच्या प्रकाराचे) असतील तर सदस्य "मेंबर"मध्ये असतात आणि "युनिकमेंबर" स्कीमात नुसता पडून राहतो.

स्कीमातच नसलेला ॲट्रिब्यूट ही वेगळी गोष्ट (प्रश्न १०). सर्व्हर ऐनवेळी तयार करून देतो तो ॲट्रिब्यूट आणखी वेगळी (प्रश्न १३). या तिघांची गल्लत करू नका, कारण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

२. जो कुणाकडे नाहीच, त्यावर इंडेक्स लावून काय मिळणार? रिकाम्या इंडेक्सचा उपयोग तो काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कुणाकडेच नाही हे तुम्हाला माहीत आहे. सर्व्हरला ते माहीत नाही.

सर्व्हर फिल्टर (शोधाची अट) मिळाल्या मिळाल्या नोंदी वाचायला घेत नाही. आधी तो फिल्टरच्या प्रत्येक तुकड्यासाठी उमेदवारांची यादी करतो, म्हणजे या तुकड्याला कोणत्या नोंदी जुळू शकतील त्यांचे आयडी. ही यादी इंडेक्समधून, म्हणजे कोणती किंमत कोणत्या नोंदींत आहे त्या सूचीतून, निघते. सगळ्या तुकड्यांच्या याद्या एकत्र केल्यावर उरलेल्या नोंदी एकेक करून उघडायच्या आणि खरा फिल्टर त्यांच्यावर तपासायचा.

इंडेक्स आहे पण त्यात ती किंमत नाही, तर उत्तर "नाही" आणि यादी शून्य. इंडेक्सच नसेल तर उत्तर "माहीत नाही". ज्याची माहिती नाही तिथे सर्व्हर सगळ्याच नोंदींवर संशय घेतो, कारण एकही जुळणारी नोंद सुटून चालत नाही. रिकामा इंडेक्स सर्व्हरला "नाही" असं ठामपणे म्हणायची सोय करून देतो. सगळा फायदा एवढ्यात आहे.

आकडे घेऊन पाहू. समजा ३,००,००० नोंदी आहेत आणि मेल सर्व्हर असा फिल्टर पाठवतो:

(|(मेल=पत्ता)(मेललोकलॲड्रेस=पत्ता))

"मेल"वर इंडेक्स आहे, तिथून १ आयडी आला. "मेललोकलॲड्रेस" कुणी भरलेला नाही आणि त्यावर इंडेक्सही नाही, म्हणून तिथून सगळे ३,००,००० आले. ऑर (फिल्टरमधली उभी रेघ) म्हणजे बेरीज, तेव्हा एकूण उमेदवार ३,००,०००. सर्व्हर तेवढ्या नोंदी उघडतो आणि शेवटी हाती लागते तीच एक, जी "मेल"च्या इंडेक्सने पहिल्याच क्षणी दिली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. "मेललोकलॲड्रेस"वर रिकामा इंडेक्स लावला की हिशेब १ अधिक ० होतो आणि एकच नोंद उघडावी लागते.

३. ऑर आणि अँडमध्ये एवढा फरक का पडतो?

अँडमध्ये याद्यांचा छेद घेतला जातो. एका तुकड्याने "सगळे" म्हटलं तरी दुसरा यादी लहान करतो. (&(युआयडी=अमुक)(युनिकमेंबर=तमुक)) यात "युआयडी"वर (लॉगिनच्या नावावर) इंडेक्स असेल तर दुसऱ्या तुकड्याने फारसं बिघडत नाही. ऑरमध्ये मात्र सुक्याबरोबर ओलंही जळतं. दहा तुकड्यांपैकी नऊ इंडेक्स असलेले आणि एक नसलेला, तरी अख्खा फिल्टर इंडेक्स नसल्यासारखाच चालतो.

ऑर आतल्या कंसात असेल तर बाहेरच्या अँडमध्ये दुसरा चांगला तुकडा आहे का ते पाहा. (&(ऑब्जेक्टक्लास=पर्सन)(|...)) असं दिसलं तर खूश होऊ नका. सगळेच "पर्सन" असतील तर त्या तुकड्याने यादी जवळपास कमी होत नाही.

४. फिल्टरमध्ये चांगला तुकडा आधी लिहिला, किंवा साइझ लिमिट १ ठेवलं, तर सर्च लवकर थांबणार नाही का?

क्रमाने फरक पडत नाही, कारण उमेदवारांची यादी सगळ्या तुकड्यांतून होते. साइझ लिमिटही (जास्तीत जास्त किती नोंदी परत द्यायच्या) भरवशाचं नाही. १ लिमिट असताना नोंद सापडली तरी दुसरी आहे का हे कळेपर्यंत सर्व्हर शोधत राहतो, कारण असेल तर त्याला "लिमिट ओलांडलं" असा निकाल द्यायचा असतो. आणि हवी ती नोंद आपल्याकडे नसेलच, तर लिमिट काहीही ठेवा, पूर्ण फेरी होणारच. मेल सर्व्हरला येणारे चुकीचे पत्ते आठवा. त्यातला प्रत्येक पत्ता ही एक पूर्ण फेरी असते.

५. आम्ही असे फिल्टर लिहितच नाही. येतात कुठून?

तयार सॉफ्टवेअरमधून. त्याच्या लेखकाला तुमची डिरेक्टरी कशी रचलेली आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्या शक्यता ऑरने जोडून मोकळा होतो. ग्रुप शोधणाऱ्या ॲप्लिकेशनचा नेहमीचा नमुना असा:

(|(मेंबर=डीएन)(युनिकमेंबर=डीएन)(मेंबरयुआयडी=युआयडी))

डीएन म्हणजे नोंदीचं पूर्ण नाव. "मेंबर" ग्रुपऑफनेम्सचा, "युनिकमेंबर" ग्रुपऑफयुनिकनेम्सचा, "मेंबरयुआयडी" पॉझिक्सग्रुपचा. बहुतेक ठिकाणी तिघांपैकी एकच वापरात असतो, फार तर दोन. प्रत्येक लॉगिनला हा फिल्टर धावतो. ॲड्रेस बुक, प्रिंटर-स्कॅनरमधला पत्ता शोधणारा मेन्यू, सिंगल साइन ऑन ही दुसरी ठिकाणं. माझ्या अनुभवात स्कॅनर सगळ्यात बेजबाबदार. त्याच्या फिल्टरमध्ये काय काय असतं ते लॉगमध्ये पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

६. "ऑब्जेक्टक्लास"वर इक्वॅलिटी इंडेक्स हवाच असं सगळे का सांगतात?

इक्वॅलिटी इंडेक्स म्हणजे नेमक्या किंमतीवरून शोधण्यासाठीचा, आणि "ऑब्जेक्टक्लास" म्हणजे नोंद कोणत्या प्रकारची ते सांगणारा ॲट्रिब्यूट. एक कारण ॲप्लिकेशनचं: जवळजवळ प्रत्येक फिल्टरमध्ये तो असतो. दुसरं ओपनएलडॅप या एलडॅप सर्व्हरचं स्वतःचं आहे आणि ते आपल्या विषयाला अगदी लागून आहे. रेफरल (दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या) नोंदी सुटू नयेत म्हणून ओपनएलडॅप तुमच्या फिल्टरला आतल्या आत एक ऑर जोडतो, (ऑब्जेक्टक्लास=रेफरल) असा. तुमच्याकडे एकही रेफरल नसतो, पण "ऑब्जेक्टक्लास"वर इंडेक्स नसेल तर या न दिसणाऱ्या तुकड्यापायी सगळा फिल्टर बुडतो. न वापरलेल्या किंमतीवरचा इंडेक्स म्हणजे काय, ते सर्व्हर स्वतःच दाखवून देतो.

७. लॉगमध्ये हे ओळखायचं कसं?

ओपनएलडॅपमध्ये "एमडीबी इक्वॅलिटी कँडिडेट्स", मग कंसात ॲट्रिब्यूटचं नाव आणि शेवटी "नॉट इंडेक्स्ड" अशी ओळ शोधा. प्रेझेन्स (किंमत आहे का) आणि सबस्ट्रिंगसाठीही (किंमतीतला तुकडा) अशाच ओळी येतात. जुन्या बीडीबी बॅकएंडवर (नोंदी साठवणाऱ्या भागावर) "एमडीबी"च्या जागी "बीडीबी" दिसे, २.५ आवृत्तीत तो बॅकएंडच काढून टाकला. ही ओळ दिसली म्हणजे संकट आलंच असं नाही, ती अँडच्या निरुपद्रवी तुकड्यासाठीही येते. म्हणून त्याच कनेक्शनची सर्चची ओळ काढून फिल्टरमध्ये ऑर आहे का पाहायचं. २.५ पासून निकालाच्या ओळीत "ईटाइम" (सर्चला लागलेला वेळ) असतो. त्यावरून कोणता सर्च खरंच महाग पडतोय ते कळतं.

३८९ डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरमध्ये ॲक्सेस लॉगच्या निकालाच्या ओळीत "नोट्स" पाहा. "नोट्स=यू" म्हणजे फिल्टरचा निदान एक भाग इंडेक्सविना गेला; "नोट्स=ए" म्हणजे सगळेच उमेदवार इंडेक्सविना, पूर्ण फेरी. आधी "ए"च्या मागे लागा.

ओपनडीजे या तिसऱ्या सर्व्हरमध्ये सर्च करताना "डीबगसर्चइंडेक्स" हा ॲट्रिब्यूट मागितला की नोंदींऐवजी त्या फिल्टरच्या कोणत्या तुकड्याने किती उमेदवार दिले याचा हिशेब मिळतो. मला ही सोय फार आवडते, कारण ऑरमधला गुन्हेगार तुकडा नावानिशी सापडतो. तिथे साध्या खात्याने इंडेक्सविना सर्च केला तर मंद उत्तर येत नाही, थेट नकार येतो: निकाल ५०, अधिकार अपुरे. काही जण मग त्या खात्याला इंडेक्सविना सर्च करायचा अधिकार देऊन टाकतात. तसं करू नका. तो नकार तुमच्या भल्यासाठीच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी प्रश्न १६.

८. एखादा ॲट्रिब्यूट खरंच रिकामा आहे हे कसं तपासू?

(ॲट्रिब्यूट=*) असा प्रेझेन्स फिल्टर टाकून फक्त डीएन मागवा. हा सर्च स्वतःच इंडेक्सविना असणार, तेव्हा वर्दळीच्या वेळी चालवू नका. मुख्य म्हणजे तो प्रशासकाच्या खात्याने चालवा. साध्या खात्याला ॲक्सेसच्या नियमांमुळे तो ॲट्रिब्यूट दिसतच नसेल तर उत्तर रिकामं येईल आणि तुमची समजूत होईल की कुणाकडेच नाही.

मी स्वतः लाइव्ह सर्व्हरला हातच लावत नाही. रात्रीच्या बॅकअपची एलडीआयएफ फाइल (सगळ्या नोंदी साध्या मजकुरात) असते, तिच्यात ओळीच्या सुरुवातीला ते नाव किती वेळा येतं ते मोजतो. नाव अक्षरांच्या लहान-मोठेपणाकडे न पाहता शोधायचं, आणि त्यापुढे सेमीकोलन लावून भाषेचा पर्याय जोडलेला असू शकतो हे लक्षात ठेवायचं.

अगदी शून्यच हवं असं नाही. तीन लाखांत चाळीस नोंदींत असेल तरी इथलं सगळं लागू पडतं.

९. कोणत्या प्रकारचा इंडेक्स लावायचा? प्रेझेन्स तर टाळावा असं वाचलंय.

फिल्टरमध्ये जी तुलना येते, त्याच प्रकारचा. इक्वॅलिटी इंडेक्स असताना ॲप्लिकेशन (ॲट्रिब्यूट=अब*) विचारत असेल तर सर्व्हरचं उत्तर पुन्हा "माहीत नाही" असंच येतं. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि "इंडेक्स लावला, काही फरक नाही" म्हणून कळवतात.

सबस्ट्रिंगमध्ये आणखी एक खोच आहे. ओपनएलडॅपचा सबस्ट्रिंग इंडेक्स मूळ सेटिंगमध्ये मधल्या भागासाठी चार अक्षरांचे तुकडे करतो. शोधाचा मधला तुकडा त्याहून आखूड असेल तर इंडेक्स कामाला येत नाही, मग ॲट्रिब्यूट भरलेला असो की रिकामा. ॲड्रेस बुक दोन अक्षरं टाइप होताच शोधायला लागत असेल तर ते चार अक्षरांपर्यंत थांबवता येतं का पाहा.

प्रेझेन्स टाळा हा सल्ला बरोबर आहे, पण तो भरलेल्या ॲट्रिब्यूटसाठी. जो सगळ्यांकडे आहे त्याच्या (ॲट्रिब्यूट=*) ला सगळ्याच नोंदी जुळतात, इंडेक्सने काही वाचत नाही. रिकाम्या किंवा क्वचित भरलेल्या ॲट्रिब्यूटचं नेमकं उलट असतं. तिथे प्रेझेन्स इंडेक्स तीन लाखांवरून थेट शून्यावर आणतो. फिल्टरमध्ये किंमतीच्या जागी नुसता तारा येत असेल तर बिनधास्त लावा.

१०. फिल्टरमधला ॲट्रिब्यूट आमच्या स्कीमातच नाही. त्यावर इंडेक्स कसा लावू?

लावता येणार नाही, आणि ओपनएलडॅपमध्ये गरजही नाही. आरएफसी ४५११ (एलडॅपचं मानक) प्रमाणे फिल्टरच्या तुकड्याचं उत्तर खरं, खोटं किंवा अनिश्चित असं तीन प्रकारचं असतं. अनोळखी ॲट्रिब्यूटचं उत्तर अनिश्चित. ओपनएलडॅप अशा तुकड्याला शून्य उमेदवार देतो; लॉगमध्ये त्या नावाआधी प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणजे गंमत पाहा: स्कीमात अजिबात नसलेला ॲट्रिब्यूट फुकट पडतो, आणि "पुढेमागे लागेल" म्हणून स्कीमा लोड करून ठेवला की तोच महाग होतो. नवं स्कीमा जोडल्यानंतर जुने सर्च अचानक मंदावले तर कारण बऱ्याचदा हेच निघतं.

३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये हे सेटिंगवर अवलंबून आहे. तिथे "व्हेरिफाय फिल्टर स्कीमा" नावाचं सेटिंग आहे. "प्रोसेस सेफ" असेल तर अनोळखी नावाचा तुकडा रिकामा धरला जातो. लॉगमध्ये "नोट्स=एफ" दिसलं की फिल्टरमध्ये असं अनोळखी नाव आहे असं समजा.

११. नॉट असलेल्या फिल्टरलाही याने फायदा होतो का?

नाही. (!(ॲट्रिब्यूट=किंमत)) म्हणजे "ज्यांच्याकडे ही किंमत नाही ते सगळे". रिकाम्या ॲट्रिब्यूटसाठी ते खरोखरच सगळे आहेत. ओपनएलडॅप नॉटसाठी इंडेक्स वापरतच नाही, सगळ्यांना उमेदवार धरतो. अँडमध्ये, (&(युआयडी=अमुक)(!(लॉक=ट्रू))) असा, नॉट चालून जातो. ऑरमध्ये नॉट आला की तो फिल्टर इंडेक्सने वाचत नाही, तो बदलायलाच हवा.

आणखी एक सापळा: स्कीमात नसलेल्या ॲट्रिब्यूटचा नॉट. अनिश्चितचं उलट अनिश्चितच, तेव्हा तुम्हाला सगळ्या नोंदी अपेक्षित असतात आणि मिळत एकही नाही.

१२. "नेम" आम्ही कुठेच भरत नाही. त्यावर लावलेला इंडेक्स रिकामाच राहील ना?

मुळीच नाही, आणि हे अपवाद म्हणून पाठच करून ठेवा. "नेम" हा "सीएन", "एसएन", "गिव्हननेम", "ओयू" अशा अनेकांचा मूळ ॲट्रिब्यूट आहे. (नेम=अमुक) हा फिल्टर त्या सगळ्यांना लागू होतो. ओपनएलडॅपमध्ये "नेम"वर इंडेक्स लावला की या पोटप्रकारांच्या किंमतीही त्यात भरल्या जातात. फुकटचा म्हणून लावलेला इंडेक्स मग सगळ्यात जाडजूड निघतो, आणि प्रत्येक नव्या माणसाची नोंद करताना त्याची किंमत मोजावी लागते. एलडीआयएफमध्ये "नेम" मोजला तर शून्यच येतं, म्हणून प्रश्न ८ची पद्धत इथे फसवते. इंडेक्स लावण्याआधी स्कीमात "सप" (मूळ ॲट्रिब्यूट) म्हणून ते नाव कुणी कुणी लिहिलंय ते शोधा.

१३. "मेंबरऑफ" डेटाबेसमध्ये दिसत नाही, पण सर्चमध्ये येतो. लावू का?

"मेंबरऑफ" म्हणजे माणूस कोणत्या ग्रुपांत आहे ती यादी. तो साठवला जातो की ऐनवेळी तयार होतो ते आधी बघा. ओपनएलडॅपच्या "मेंबरऑफ" ओव्हरलेने (सर्व्हरला जोडायच्या भागाने) तो नोंदीत खरोखर लिहिला जातो. तिथे इक्वॅलिटी इंडेक्स जरूर लावा. "डिनलिस्ट" ओव्हरलेने तो मागितल्यावर तयार होतो. जे साठवलेलंच नाही त्याचा इंडेक्स भरणार कशाने? अशा ठिकाणी रिकामा इंडेक्स "नाही" म्हणतो तेव्हा तो चुकीचा असू शकतो. गणिताने तयार होणाऱ्या ॲट्रिब्यूटना हात लावू नका, ३८९ मधला "एनएसरोल" धरून.

१४. इंडेक्स जाहीर केला. ॲट्रिब्यूट रिकामाच आहे, मग परत बांधणी कशाला?

तर्क बरोबर आहे. ओपनडीजेने तर त्यासाठी वेगळी सोयच ठेवली आहे. तिथे नवा इंडेक्स बांधेपर्यंत "डिग्रेडेड" राहतो आणि सर्चला वापरला जात नाही. ॲट्रिब्यूट खरोखर न वापरलेला असेल तर "रिबिल्ड इंडेक्स" कमांडला "क्लिअर डिग्रेडेड स्टेट" हा पर्याय द्या. एकही नोंद न वाचता इंडेक्स लागू होतो.

बाकी ठिकाणी मात्र बांधणी करूनच घ्या. जुन्या पद्धतीच्या स्लॅपडी (ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्राम) कॉन्फ फाइलमध्ये इंडेक्सची ओळ घालून सर्व्हर नुसता रीस्टार्ट केला, तर ओपनएलडॅप तो रिकामा इंडेक्स खरा मानतो. ॲट्रिब्यूट शंभर टक्के रिकामा असेल तर ते खरंही आहे. पण एखाद्या जुन्या, विसरलेल्या नोंदीत किंमत असली तर ती नोंद त्या फिल्टरला यापुढे सापडणार नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, नोंद नुसती गायब.

माझी फजिती दुसऱ्या बाजूची. स्लॅपइंडेक्स (इंडेक्स बांधणारी कमांड) चालवण्याआधी सर्व्हर बंद केला होता, ते बरोबर केलं. कमांड मात्र रूट म्हणून चालवली. बांधणी नीट झाली आणि सर्व्हर सुरूच होईना, कारण डेटाबेसच्या फाइलींची मालकी रूटकडे गेली होती. रात्री दीडला हे सुचायला वीस मिनिटं लागली. कमांड स्लॅपडी ज्या युजरने चालतो त्याच युजरने चालवा.

कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्येच असेल तर एलडॅपमॉडिफायने "ओएलसीडीबीइंडेक्स"मध्ये ओळ वाढवायची. सर्व्हर मागे बांधणी सुरू करतो, ती होईपर्यंत जुन्याच पद्धतीने शोधतो, बंद करावा लागत नाही. ३८९ मध्ये डीएसकॉन्फच्या इंडेक्स जोडण्याच्या कमांडलाच "रीइंडेक्स" पर्याय द्या.

१५. मग स्कीमातल्या सगळ्याच ॲट्रिब्यूटवर लावून टाकू का? आणि उद्या तो भरायला लागलो तर?

लॉगमध्ये जे दिसतात तेवढ्यांवरच. रिकाम्या इंडेक्सला जागा जवळपास लागत नाही, आणि नोंदीत तो ॲट्रिब्यूट नसेल तर लिहितानाही त्या इंडेक्सचं काही काम नसतं. तरी यादी फुगवू नका. दोन वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्याला कोणती ओळ कशासाठी होती हे कळलं पाहिजे. मी प्रत्येक ओळीबरोबर ॲप्लिकेशनचं नाव आणि तारीख एका फाइलमध्ये लिहून ठेवतो.

ॲट्रिब्यूट वापरात आला तर इंडेक्स आपोआप भरत जातो. खर्चही तेव्हापासून सुरू होतो. खरी डोकेदुखी होते ती सगळ्यांना एकच किंमत भरली तर, म्हणजे तीन लाख नोंदींत "ट्रू". एका किंमतीखाली इतके आयडी आले की सर्व्हर यादी ठेवायचं सोडून देतो. ओपनडीजेत ही मर्यादा मुळात ४,००० आहे. ती ओलांडली की त्या किंमतीसाठी उत्तर पुन्हा "माहीत नाही". घाऊक भरणा करणार असाल तर त्याआधी त्या फाइलमधली ओळ वाचा.

१६. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हे कसं करायचं?

तत्त्व तेच. इंडेक्स मात्र स्कीमातच लागतो: ॲट्रिब्यूटच्या "सर्चफ्लॅग्ज"मध्ये १ चा बिट. मधल्या अक्षरांवरून शोधायचं असेल तर ३२ चाही. स्कीमा सगळ्या फॉरेस्टमध्ये (एकत्र जोडलेल्या डोमेनांमध्ये) पसरतो, म्हणून प्रत्येक डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीचा सर्व्हर) आपापला इंडेक्स बांधतो, आणि म्हणूनच हा बदल सहज करायचा नसतो.

महाग सर्च इव्हेंट १६४४ मध्ये सापडतात. त्यासाठी रजिस्ट्रीत "१५ फील्ड इंजिनिअरिंग" ५ वर न्यावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये १०,००० नोंदी चाळणारा सर्च महाग धरला जातो; १,००० चाळून त्यातल्या दहा टक्क्यांहून कमी परत देणारा अकार्यक्षम. आपल्या विषयातले सर्च या दुसऱ्या गटात हमखास पकडले जातात. काम झालं की सेटिंग परत ० करा, नाहीतर लॉग भरत राहतो.

१७. इंडेक्सपेक्षा फिल्टरच का दुरुस्त करत नाही?

करता येत असेल तर आधी तेच करा. पुष्कळ ॲप्लिकेशनमध्ये फिल्टर किंवा ॲट्रिब्यूटची नावं सेटिंगमध्ये बदलता येतात आणि नको ते तुकडे काढता येतात. पण फिल्टर कोडमध्ये कोरलेला असेल, किंवा ॲप्लिकेशन दुसऱ्या विभागाचं असून त्यांच्याकडे तुमची विनंती तीन महिने पडून राहणार असेल, तर इंडेक्स आज संध्याकाळी लागतो. अपग्रेडनंतर फिल्टर परत मूळपदावर येण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत. म्हणून फिल्टर दुरुस्त झाला तरी मी इंडेक्स काढत नाही.

१८. इंडेक्स लावला, बांधला, तरी कधी पटकन तर कधी मंद उत्तर येतं. असं का?

"कधी कधी" ऐकलं की आधी किती सर्व्हर आहेत ते मोजा. नोंदी रेप्लिकेशनने (सर्व्हरांमधल्या आपोआप नकलेने) सगळीकडे जातात. इंडेक्सचं कॉन्फिगरेशन ओपनएलडॅपमध्ये आणि ३८९ मध्ये सहसा जात नाही. एका ठिकाणी आम्ही दोन दिवस नेटवर्कला दोष देत होतो. लोड बॅलन्सरमागे (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्यामागे) चार सर्व्हर होते, इंडेक्स तिघांवर लागला होता. चौथा नंतर जोडलेला, जुन्या कॉन्फिगरेशनच्या प्रतीवरून उभा केलेला. दर चौथं लॉगिन रखडत होतं आणि ते एवढं नियमित होतं की खरं तर पहिल्याच तासात लक्षात यायला हवं होतं. प्रत्येक सर्व्हरला बॅलन्सर टाळून, तोच फिल्टर थेट टाकून पाहा.

सगळीकडे इंडेक्स आहे आणि तरी मंद, तर जुळलेल्या नोंदीचा आकार पाहा. पन्नास हजार सदस्यांचा एकच ग्रुप पूर्ण मागवला तर उमेदवार एकच असतो, पण ती एक नोंद वाचून पाठवायलाच वेळ जातो. तिथे ॲप्लिकेशनला "मेंबर" न मागता फक्त "सीएन" मागायला सांगा.